तीन झोनचं घर: थर्मोस्टॅट भिंतीवर दिसतो, पण निवडायचा बेसमेंटमध्ये

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मध्य न्यू जर्सीत १९७० च्या दशकातलं दुमजली घर घेतलंत. गॅसचा बॉयलर, गरम पाण्याचे बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी बसवलेले हीटर) आणि तीन झोन, म्हणजे वेगवेगळे तापवता येणारे भाग, आहेत: खालचा मजला, वरच्या बेडरूम आणि फिनिश केलेलं बेसमेंट. तीन भिंतींवर तीन जातीचे थर्मोस्टॅट, त्यातला एक जुना गोल. मिस्टरांचं म्हणणं, तिन्ही जागी अडीचशे डॉलरवाले स्मार्ट थर्मोस्टॅट लावू. दुकानात सांगितलं की एकच स्मार्ट घ्या, बाकी खोल्यांत सेन्सर ठेवा, भागेल. आणि डिसेंबरात पुण्याहून सासू-सासरे येताहेत, त्यांना थंडी सोसत नाही.

उत्तर आधी देऊन टाकतो. तिन्ही महागडे नकोत, आणि दुकानातल्या माणसाचंही ऐकू नका. खाली एक चांगला वायफायवाला, वर त्याच कंपनीचा दुसरा, आणि बेसमेंटला तीस-चाळीस डॉलरचा, बॅटरीवर चालणारा साधा. पण ही खरेदी या आठवड्यात करू नका. आधीचा एक शनिवार बेसमेंटमध्ये घालवा. माझ्याकडे थर्मोस्टॅटची म्हणून जी तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा भिंतीवर नसतं, बॉयलरच्या खोलीत असतं.

थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक बटण. तो उष्णता तयार करत नाही, वाटत नाही, मोजून देत नाही. खोली गार झाली की तो दोन वायर एकमेकींना जोडतो, एक आर आणि दुसरी डब्ल्यू. या वायरींत २४ व्होल्टची वीज असते. ती जोडली गेली की त्या झोनच्या पाइपवरची छोटी मोटर फिरते आणि झडप उघडते. झडप पूर्ण उघडली की तिच्या आतलंच दुसरं बटण दाबलं जातं, त्याला एंड स्विच म्हणतात, आणि तो बॉयलरला सांगतो की आता पेट. मग पंप फिरतो, पाणी बेसबोर्डमधून जातं. काही घरांत झडपांऐवजी प्रत्येक झोनला वेगळा पंप असतो, त्यांना हुकूम देणारा रिलेचा (विजेने दाबल्या जाणाऱ्या बटणांचा) डबा भिंतीवर असतो. तुमच्याकडे यातलं काय आहे, हे कळल्याशिवाय थर्मोस्टॅट घेणं म्हणजे पायाचं माप न घेता चपला घेणं.

तर शनिवारचं काम. तिन्ही थर्मोस्टॅट अगदी खाली उतरवा आणि बॉयलर शांत होऊन पाइप निवेपर्यंत तासभर थांबा. मग फक्त खालच्या मजल्याचा थर्मोस्टॅट ८० वर न्या (हे अंश फॅरनहाइटचे). एकाने वर थांबायचं, दुसऱ्याने बेसमेंटमध्ये. पाच-दहा मिनिटांत कुठला पाइप तापला ते बघा, हात जपून लावा, पाणी १८० अंशांपर्यंत जातं. त्या पाइपवर रंगीत टेप लावून मार्करने लिहा: ‘खालचा मजला’. मग तो उतरवा, पाइप निवू द्या, पुढचा झोन.

हे बाळबोध वाटेल, पण मी हे सगळ्यात आधी का करायला लावतो ते सांगतो. एका घरात मला बोलावलं होतं, तक्रार अशी की स्मार्ट थर्मोस्टॅट ‘खोटं बोलतो’. वर ६८ लावलं तर वर ७५ होतं आणि खाली सगळे शाली पांघरून बसलेले. त्यांनी दोनदा कंपनी बदलली होती. मी थर्मोस्टॅटला हातच लावला नाही. खाली जाऊन बघितलं, तर कुणीतरी कधीकाळी झडपा बदलताना वायरींची अदलाबदल केली होती. वरचा थर्मोस्टॅट खालची झडप उघडत होता आणि खालचा वरची. खाली थंडी म्हणून खालचा काटा वाढवला की बेडरूम तापायच्या, मग वरचा कमी करायचा की खालचं आणखी गार. चार हिवाळे ते कुटुंब असं एकमेकांशी भांडत होतं, नवरा-बायकोसुद्धा. दोन वायर बदलायला मला दहा मिनिटं लागली. आधीच्या मालकाने तुमच्याकडे काय करून ठेवलंय ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून ही चाचणी आधी.

हे करताना चौथी झडप किंवा चौथा पंप दिसला तर गोंधळू नका. बॉयलरशेजारी मोठी पाण्याची टाकी असेल आणि तिला स्वतःचा गॅसचा बर्नर नसेल, तर तुमचं अंघोळीचं पाणीही हाच बॉयलर तापवतो. तो झोन भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला विचारत नाही, टाकीवरच्या ॲक्वास्टॅटला, म्हणजे पाण्याचं तापमान बघणाऱ्या बटणाला, विचारतो. आणि बऱ्याच ठिकाणी त्याला प्राधान्य दिलेलं असतं: टाकीने पाणी मागितलं की घराची हीट तेवढा वेळ बंद. सकाळी पाच माणसं एकामागून एक अंघोळीला गेली आणि घर गारच राहिलं, तर तो थर्मोस्टॅटचा दोष नव्हे. घर तापायची वेळ पहिल्या अंघोळीच्या तासभर आधीची ठेवा, झालं.

आता वायरी. ब्रेकर बंद करून प्रत्येक थर्मोस्टॅटचं तोंड भिंतीवरून ओढून काढा आणि मागचा फोटो घ्या. तुमच्या काळातल्या घरात बहुधा दोनच बारीक वायर दिसतील. जाड वायर दिसल्या, त्यांना टोप्या घातलेल्या दिसल्या, तर तिथेच थांबा. त्या २४ व्होल्टच्या नाहीत, १२० किंवा २४० च्या आहेत. त्याबद्दल पुढे बोलतो.

दोन वायर साध्या थर्मोस्टॅटला पुरतात, कारण तो बॅटरीवर जगतो. वायफायवाल्याला मात्र चोवीस तास वीज लागते, आणि त्यासाठी तिसरी वायर हवी, सी नावाची. ती नसेल तर काही स्मार्ट थर्मोस्टॅट काय करतात? आपल्याकडे तारेवर आकडा टाकून वीज घेतात ना, तसंच. हीटच्या वायरमधूनच थेंब थेंब करंट ओढून स्वतःची बॅटरी भरतात. डब्यावर ‘सी वायरची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पुष्कळदा हा. पुष्कळ घरांत ते खपूनही जातं. पण झोनच्या सिस्टिममध्ये तो चोरटा करंट झडपेतून किंवा रिलेतून वाहतो. नाजूक रिले असला की तो टकटक करत राहतो. जुन्या, मेण तापवून उघडणाऱ्या झडपा असल्या की आणखी घोळ होतो. टॅको कंपनीच्या जुन्या सोनेरी डोक्याच्या झडपा त्या जातीच्या, उघडताना ०.९ अँपिअरच्या घरात करंट घेतात आणि त्यांना एक, दोन, तीन असे तीन स्क्रू असतात. अशा झडपा तुमच्याकडे असतील तर आकडा टाकणारा थर्मोस्टॅट त्यांच्याशी सरळ जोडू नका. मध्ये रिले किंवा कंट्रोल बॉक्स हवाच.

इकोबी या स्मार्ट थर्मोस्टॅटबरोबर येणारी पॉवर एक्स्टेंडर किट लोक याच जागी वापरायला बघतात. ती फर्नेस (गरम हवेची भट्टी) आणि एसी असलेल्या घरासाठी आहे, तिला वाय आणि जी या एसीच्या आणि पंख्याच्या वायरीही लागतात. नुसत्या दोन वायरच्या बॉयलरला तिचा उपयोग नाही.

मग सी आणायची कुठून? तुमच्या बाबतीत खालच्या मजल्याचं सोपं आहे. त्याची वायर भिंतीतून थेट बेसमेंटमध्ये उतरते, नवी पाच वायरींची केबल जुन्याच भोकातून वर ढकलता येते. वरच्या मजल्याची केबल बहुतेक लाकडाला खिळ्यांनी ठोकलेली असेल, ओढून येणार नाही. अशा वेळी भिंती फोडण्यापेक्षा थर्मोस्टॅटजवळच्या प्लगमध्ये लावायचा २४ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो वापरता येतो. पण तो थर्मोस्टॅटच्या नियमात बसतो का आणि बॉयलरच्या ट्रान्सफॉर्मरशी त्याची गाठ पडत नाही ना, हे वायरिंग येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. दोन वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरची वीज एकत्र आली की महाग वस्तू जळतात. नाहीतर वर बॅटरीवरचा प्रोग्रॅमेबल लावा. त्यात काही कमीपणा नाही. माझ्या स्वतःच्या बेडरूमच्या झोनला तोच आहे.

ट्रान्सफॉर्मरची बेरीजही एकदा कागदावर करा. बॉयलरशेजारचा बहुधा ४० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) असतो. हनीवेलच्या नेहमीच्या मोटरवाल्या झडपा ०.३२ अँपिअर घेतात, म्हणजे २४ व्होल्टला पावणेआठ व्हीए. तीन झडपांचे तेवीस-चोवीस. त्यावर प्रत्येक स्मार्ट थर्मोस्टॅटचे तीन ते पाच धरा. तिन्ही झोन एकदम सुरू झाले तरी तुम्ही चाळिशीच्या आतच आहात. पण वर सांगितलेल्या मेणाच्या झडपा असल्या तर हाच हिशोब बिघडतो. पाणी तापवण्याची चौथी झडप विसरू नका.

आता ज्या गोष्टीत खरं पाणी मुरतं तिच्याकडे येऊ. तुमच्या बेसबोर्डची लांबी टेपने मोजा. पत्र्याची नव्हे, आतल्या पंखांच्या पट्टीची. पाऊण इंची पाइपचा साधा बेसबोर्ड १८० अंशाच्या पाण्याने फुटामागे तासाला साधारण ६०० बीटीयू (हे उष्णतेचं माप) देतो. समजा खालच्या मजल्यावर ५० फूट आहे, वर ४० आणि बेसमेंटला १८. म्हणजे ३०,०००, २४,००० आणि १०,८००. तिन्ही मिळून ६५,००० च्या आत. आणि त्या काळच्या घरात बॉयलर कितीचा असतो? एक लाख बीटीयूचा सर्रास दिसतो.

म्हणजे एकट्या बेसमेंटने हीट मागितली, तर जेमतेम अकरा हजार खपणाऱ्या ठिकाणी लाखाचा बॉयलर पेटतो. वाटीभर वरणाला लग्नातला हंडा चढवल्यासारखं. दोन-तीन मिनिटांत पाणी मर्यादेला पोचतं, बॉयलर विझतो, पाणी निवतं, पुन्हा पेटतो. याला शॉर्ट सायकलिंग म्हणतात. गॅस वाया जातो, इग्निटर आणि झडपा लवकर जातात, आणि घरातल्यांना वाटतं थर्मोस्टॅट बिघडला. म्हणून तुम्हाला सांगतो, आणखी झोन पाडू नका. ‘पाहुण्यांच्या खोलीला वेगळा झोन करून द्या’ असं कुणी म्हटलं तर त्याला आधी बॉयलर किती खाली उतरू शकतो ते विचारा. नवे मॉड्युलेटिंग बॉयलर दहास एक उतरतात, लाखाचा दहा हजारांवर चालतो. जुना बॉयलर उतरत नाही. तो पेटतो तेव्हा पूर्ण पेटतो.

याच कारणाने एक जुना सल्ला मी उलटा देतो. लोक सांगतात की तिन्ही झोनची सकाळची वेळ वेगवेगळी ठेवा, बॉयलरवर ताण येत नाही. बॉयलर लहान असता तर ठीक होतं. तुमच्याकडे तो तिन्ही झोनच्या बेरजेपेक्षाही मोठा आहे. तिघांनी एकदम मागितलं तरच तो जरा नीट, लांब चालतो. म्हणून सकाळची वेळ एकच ठेवा.

थर्मोस्टॅट निवडताना मी पहिली कुठली सोय बघतो विचाराल तर ती ॲप नाही, रंगीत पडदा नाही. तासाला किती वेळा सुरू-बंद व्हायचं, ते आपल्याला ठरवता येतं का, ही. इन्स्टॉलरच्या मेनूत ती असते. हनीवेलच्या थर्मोस्टॅटमध्ये वाफेच्या सिस्टिमला १, गरम पाण्याला ३, साध्या गॅस फर्नेसला ५, विजेच्या हीटला ९ असे आकडे असतात. डब्यातून काढलेला थर्मोस्टॅट बऱ्याचदा ५ वर असतो, कारण अमेरिकेत फर्नेसची घरं जास्त. तुमच्याकडे तो ३ करावा लागेल, बेसमेंटला मी आणखी खाली नेतो. दुसऱ्या कंपन्यांत हीच गोष्ट किती अंशांच्या फरकाने सुरू व्हायचं किंवा कमीत कमी किती मिनिटं चालायचं, अशा नावाने असते. कुठल्याही नावाने असो, पण असायला हवी. विकत घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून इन्स्टॉलेशन मॅन्युअल उतरवून ते पान शोधा. सापडलं नाही तर तो थर्मोस्टॅट झोनच्या बॉयलरसाठी नाही असं समजा.

दुकानातल्या सेन्सरच्या सल्ल्याबद्दल. सेन्सर म्हणजे कान, हात नव्हेत. मुलीच्या खोलीत ६३ आहे हे तो थर्मोस्टॅटला सांगेल, थर्मोस्टॅट झडप उघडेल, आणि त्या झडपेवर असलेल्या सगळ्या खोल्या तापतील. एक थर्मोस्टॅट एकच झडप चालवतो. खालच्या मजल्याचा स्मार्ट थर्मोस्टॅट वरच्या बेडरूमची झडप उघडू शकत नाही, मग वर चार सेन्सर ठेवा की चाळीस. सेन्सरचा खरा उपयोग एका झोनच्या आत आहे. तुमचा वरचा थर्मोस्टॅट बहुधा पॅसेजमध्ये असेल, जिथे कुणीच झोपत नाही, आणि जिन्यातून खालची ऊब तिथे चढते. तिथे एक सेन्सर सगळ्यात गार बेडरूममध्ये ठेवून रात्री त्याचंच ऐकायला सांगितलं तर फरक पडतो. तरीही एक खोली जास्तच तापत असेल तर तिच्या बेसबोर्डवरची लांब झाकणपट्टी खाली पाडा. ती शोभेची नाही, हवा अडवायलाच दिलेली असते. कुणी रेडिएटरवरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह सुचवला तर आधी पाइप कसा फिरवलाय ते बघा. या घरांत एकाच पाइपने सगळ्या खोल्या माळेसारख्या ओवलेल्या असतात. मधला एक व्हॉल्व्ह बंद झाला की पुढच्या सगळ्या खोल्यांचं पाणी तुटतं.

जागेबद्दल थोडं. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, ऊन, दिवा, टीव्ही आणि बेसबोर्डपासून दूर, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. मराठी घरांत मी आणखी दोन गोष्टी बघतो. खालच्या मजल्याचा थर्मोस्टॅट स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून असेल, तर संध्याकाळी पोळ्या होईपर्यंत त्याला वाटतं घर छान तापलंय, आणि हॉलमध्ये आजोबा मफलर शोधत असतात. दुसरी म्हणजे देवघर. एका घरी नेमका थर्मोस्टॅटखाली देव्हारा होता. रोज संध्याकाळी समई लागली की हीट बंद. त्यांना वर्षभर उलगडा झाला नव्हता. समई हलवायला सांगणं माझ्या जिवावर आलं, मी थर्मोस्टॅटच हलवला. आणि भिंतीतलं वायरीचं भोक पुट्टीने किंवा कापसाने बुजवा. त्यातून बेसमेंटची गार हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते.

सासू-सासऱ्यांसाठी निवडताना मी पाच मिनिटं जास्त घेईन. दिवसभर घरात तेच असणार, तुम्ही दोघं कामावर. ज्याला फिरवायला चकती किंवा दाबायला मोठी दोन बटणं आहेत, आकडे चष्म्याशिवाय दिसतात आणि जो सेल्सियसमध्येही आकडा दाखवतो, असा थर्मोस्टॅट खालच्या मजल्यावर हवा. पुण्याच्या माणसाला ६८ म्हणजे काय ते उमगत नाही. २० म्हटलं की लगेच कळतं. त्यांनी ७२ केलं, म्हणजे २२, तर होऊ द्या. ॲपमधून परत ६८ करत बसू नका. मी हे भांडण स्वयंपाकघरात उभा राहून ऐकलेलं आहे. फक्त एक गोष्ट त्यांना समजावून सांगा. एसी १८ वर ठेवला की खोली लवकर गार होते, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. तसंच इथे काटा ८५ वर नेला म्हणून घर लवकर तापत नाही. पाणी तेवढंच गरम असतं, बेसबोर्ड तेवढाच असतो. फक्त हीट थांबायची तेव्हा थांबत नाही. बहुतेक वायफाय थर्मोस्टॅटमध्ये वरची मर्यादा बांधता येते. ७४ ला बांधा, कुणाला सांगायची गरज नाही.

रात्री किती उतरवायचं? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा की रोज आठ तास ७ ते १० अंश कमी ठेवलं तर वर्षाला खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. ‘पर्यंत’ हा शब्द त्यात महत्त्वाचा. बेसबोर्डच्या घराला परत तापायला वेळ लागतो, आणि जानेवारीच्या पहाटे दहा अंश भरून काढताना तास-दोन तास जातात. मी ४-५ अंश उतरवायला सांगतो. बेडरूम ६४, खालचा मजला ६३. म्हातारी माणसं खाली झोपणार असतील तर तिथे दोन अंशांपेक्षा जास्त नको. बेसमेंट वापरात नसेल तर सतत ६०. तिथे वेळापत्रकच नको, म्हणून तिथे साधा थर्मोस्टॅट.

स्मार्ट थर्मोस्टॅटची एक हुशारी झोनच्या घरात अंगाशी येते: घरात कुणी नाही असं स्वतःच ठरवणं. काही थर्मोस्टॅट समोरून कुणी चाललं का ते बघतात. बेसमेंटमध्ये दिवसभर कुणी जात नाही, वरच्या पॅसेजमध्ये दुपारी कुणी नसतं. तुम्ही खाली निवांत बसलेले असता आणि वरचा झोन समजतो सगळे गावाला गेले. काही कंपन्या सगळ्या थर्मोस्टॅटना मिळून एकच ‘घरी’ किंवा ‘बाहेर’ ठरवतात, काही प्रत्येकाला वेगळं ठरवू देतात. आणि फोनच्या जागेवरून ठरवणाऱ्यांना तुमच्या सासूबाईंचा फोन ठाऊकच नसतो. पाहुणे असेपर्यंत ही सोय बंद ठेवा.

मग वायफाय कशाला, असं विचाराल. त्याचं खरं काम तुम्ही भारतात जाता तेव्हा. डिसेंबरात लग्नसराईला महिनाभर घर बंद, आणि इथे रात्री पारा शून्य सेल्सियसच्या खाली. तिन्ही झोन ५५ वर ठेवा, म्हणजे जवळजवळ १३ सेल्सियस, त्याखाली नाही. गॅरेजवर एखादी खोली असेल तर तिच्या जमिनीतले पाइप सगळ्यात आधी गोठतात, त्या झोनला आणखी चार अंश वर. घराचं नळाचं पाणी मेन व्हॉल्व्हवर बंद करा, पण बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या लाइनचं काय होतं ते तुमच्या बॉयलरवाल्याला विचारून. थर्मोस्टॅटला गारठ्याचा इशारा पाठवायला सांगा. वीज किंवा इंटरनेट गेलं तर तो इशारा येणारच नाही, हे लक्षात ठेवा. ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसलं की शेजाऱ्याला फोन करा, उद्यावर ढकलू नका.

तुम्ही एसीचा उल्लेख केला नाही, पण वरच्या माळ्यावर एसीचं युनिट असेल आणि त्याचा थर्मोस्टॅट वेगळा असेल, तर दोन्ही एकात आणायचा मोह होईल. एसीला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, बॉयलरला स्वतःचा. एकत्र करायचं तर आरसी (एसीसाठी) आणि आरएच (हीटसाठी) अशी दोन वेगळी टर्मिनल असलेलाच थर्मोस्टॅट हवा, त्यांच्यातला जोड काढलेला हवा आणि सी त्याच ट्रान्सफॉर्मरची हवी जो थर्मोस्टॅटला जगवतो. यात एक फायदाही आहे. एसीच्या युनिटकडून येणाऱ्या केबलमध्ये बहुधा जादा वायर असते, वरच्या मजल्याचा सीचा प्रश्न तिथेच सुटतो.

ज्यांचं घर वेगळ्या प्रकारचं आहे त्यांच्यासाठी चार ओळी. विजेच्या बेसबोर्डला किंवा बाथरूममधल्या फरशीखालच्या हीटला लाइन व्होल्टेजचा, म्हणजे थेट १२० किंवा २४० व्होल्टचा, थर्मोस्टॅट लागतो. मायसा, सिनोपे अशा कंपन्या तसे वायफायवाले बनवतात, फरशीला जमिनीतल्या सेन्सरचा आणि ग्राउंड फॉल्ट संरक्षणाचा (करंट गळला की वीज तोडणारा) हवा. गूगलचा २४ व्होल्टचा नेस्ट थर्मोस्टॅट तिथे लावलात तर धूर निघेल. हे काम परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्या. गरम हवेच्या डक्टमध्ये झडपा आणि मध्ये झोनचं पॅनल असेल, तर पॅनलच्या मॅन्युअलमध्ये थर्मोस्टॅट कसा सेट करायचा ते दिलेलं असतं. हीट पंप असूनही कधीकधी थर्मोस्टॅटला ‘साधी फर्नेस’ असं सांगावं लागतं, कारण जादा हीट कधी लावायची ते पॅनल ठरवतं. हीट पंपला रात्री फार उतरवूही नका, सकाळी महाग जादा हीट सुरू होते आणि वाचवलेलं त्यात जातं. कॅरिअर इन्फिनिटीसारख्या, आपापसांत बोलणाऱ्या सिस्टिमला बाहेरचा थर्मोस्टॅट लावून तिची निम्मी अक्कल घालवू नका.

तुमचा गोल थर्मोस्टॅट बहुधा हनीवेलचा टी-८७ किंवा त्याचा भाऊ. हेन्री ड्रेफसने आकार दिलेला हा थर्मोस्टॅट १९५३ साली बाजारात आला आणि मला तो अजून आवडतो. वाईट वाटतं ते एवढंच की आतल्या काचेच्या कुपीत पारा असतो. उघडून चांदीचा थेंब हलताना दिसला तर कचऱ्यात टाकू नका. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी द्या, किंवा हीटिंगचं सामान विकणाऱ्या होलसेल दुकानात विचारा, तिथे बऱ्याचदा गोळा करायची पेटी असते.

त्या गोल थर्मोस्टॅटवरून शेवटची कसोटी सांगतो. तो पन्नास वर्षं चालला. गूगलने २०११ आणि २०१२ च्या नेस्टचा ॲपचा आधार २५ ऑक्टोबर २०२५ पासून काढून घेतला. ते थर्मोस्टॅट भिंतीवर अजून चालतात, फोनवरून चालत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी ॲप नाही असं समजा आणि विचारा: वेळापत्रक भिंतीवरूनच लावता येतं का? येत नसेल तर दुसरा बघा.

बॅटऱ्या दर वर्षी दिवाळीत, पणत्या काढता तेव्हा, बदला. हीटचा मोसम तेव्हाच सुरू होतो आणि चांगल्या अल्कलाइन बॅटऱ्या एक हिवाळा आरामात काढतात.

आता शनिवारी ती पाइपची चाचणी करा. झडपांचे, त्यांच्यावरच्या नंबरांचे आणि थर्मोस्टॅटमागच्या वायरींचे फोटो काढा, बेसबोर्डची फुटं मोजा. वरच्या मजल्याला बॅटरीवरचा घ्यायचा की वायफायवाला, ते मी त्यावरून सांगेन.